खळीत मोरचूद नव्हतं

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. आपल्याकडे माणूस गेला की तो लगेच देवमाणूस होतो. तुम्हीही झालात. परवा शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. नवी प्रयोगशाळा बांधली आहे, तिला तुमचं नाव देणार आहेत, भिंतीवर तुमचा फोटो लागणार आहे आणि त्यावरचा पडदा मी पुण्याहून येऊन ओढायचा आहे. "म्याडम, तुमी तिकडं ताऱ्यांवर एवढं मोठं काम करता, पोरांना दोन शब्द सांगा. सरांमुळं मी घडले, एवढं म्हनला तरी लई झालं." वाक्यसुद्धा त्यांनीच तयार करून दिलं. मी 'कळवते' म्हणाले, आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

तुमची खळ आठवते. जूनमध्ये शाळा उघडली की तुमचा पहिला उद्योग तो असायचा. गणिताच्या पुस्तकात शेवटी उत्तरं छापलेली असतात, ती पोरांनी बघू नयेत म्हणून तुम्ही ती पानं चिकटवून टाकायचात. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही मांडी घालून ओळीनं बसलो आहोत, प्रत्येकाच्या मांडीवर पुस्तक, आणि तुम्ही घरून जर्मलच्या डब्यात आणलेली कणकेची खळ ब्रशनं पानांच्या कडांना लावत पुढे सरकताय. वर हाताची मूठ आपटून पान बसवायचात. त्या मुठीची आम्हाला भीती वाटायची, कारण ती पानावरून पाठीवर यायला वेळ लागत नसे. पंचक्रोशीत तुमच्या या पद्धतीचं केवढं कौतुक होतं. सोनईच्या बाजारात लोक आबांना सांगायचे, तुमच्या पोरीला मास्तर कडक भेटलाय, नशीब काढलं. तुमचं स्वतःचं पुस्तक मात्र टेबलावर उघडं पडलेलं असायचं, उत्तरांसकट. त्याला कुणी खळ लावली नाही.

आमच्या घरात पुस्तकांना वेगळी जागा नव्हती. ज्वारीच्या पोत्यांच्या वर एक फळी होती, तिच्यावर माझं दप्तर. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुस्तक काढलं तर चिकटवलेली पानं आपोआप सुटलेली. कडा कुरतडलेल्या, बारीक दातेरी. झुरळांनी तुमची खळ चाटूनपुसून खाल्ली होती. मी पुस्तक मिटलं. वर दोरी बांधली. आणि दुसऱ्या दिवशी मी होऊन तुमच्याकडे घेऊन आले की सर, परत चिकटवून द्या. इतकी मी भोळी होते. तुम्ही दोरी सोडलीत, पानं पाहिलीत, मग माझी वही ओढून घेतलीत. सुट्टीत दिलेली सगळी गणितं बरोबर होती. तुमचा चेहरा उजळला, तो मला अजून दिसतो. चोर सापडल्याचा आनंद होता तो. "आधी उघडायचं आणि मग साळसूदपणे आणून द्यायचं, होय गं?" मी झुरळांचं सांगितलं. वर्ग हसला. तुम्ही हसू दिलंत.

तेवढ्यावर थांबला असतात तर मी आज हे लिहीत बसले नसते. तुम्ही आबांना बोलावून घेतलंत. ते उसाला पाणी देत होते, तसेच आले, पायांना चिखल, म्हणून वर्गाच्या दारातच उभे राहिले. तुम्ही त्यांना आत या म्हणाला नाहीत. "सर, पोरगी खोटं बोलत न्हाई आमची," ते म्हणाले. तुम्ही पुस्तक उंच धरलंत. "मग हे पुस्तक खोटं बोलतंय का?" सगळ्या वर्गासमोर माझ्या बापाला गप्प केलंत तुम्ही. घरी जाताना मी सायकलवर मागं बसले होते. आबा पुढं बघतच म्हणाले, "बघितलं आसंल तर बघितलं म्हन. मी रागवनार न्हाई." मी म्हटलं, "न्हाई बघितलं, आबा." ते "बरं" म्हणाले. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मला तेव्हाच कळलं.

मग दहावीचा निकाल आला, आबांनी पेढे वाटले, आणि पेढा माझ्या हातावर ठेवताना हळूच विचारलं, "तुझं तूच केलं ना?" बारावीला तेच. नगरच्या कॉलेजातून पहिली आले तेव्हा तेच. डॉक्टरेट झाली तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते, बोलणं जड झालं होतं, तरी माझा हात धरून तेवढंच विचारलं. मी "व्हय, आबा" म्हटलं. त्यांना ते पटलं की नाही, हे न कळताच ते गेले. माझा आणि माझ्या बापाचा सगळा आनंद तुम्ही असा नासवलात, सर. अभ्यासात मी मागं पडले नाही, तुमच्या नाकावर टिच्चून पुढं गेले. पण ते एक राहिलं.

आता मी काय करते ते ऐका. काही तारे मरताना फुटतात, त्यांना सुपरनोव्हा म्हणतात. त्यांतला एक प्रकार असा आहे की कुठंही फुटला तरी त्याचा उजेड जवळपास सारखाच असतो. त्यामुळे तो आपल्याला किती मंद दिसतो यावरून किती लांब आहे ते काढता येतं. अशा पुष्कळ ताऱ्यांची अंतरं जुळवली की विश्व किती वेगानं पसरत आलं आहे ते समजतं, आणि ते पसरणं मंदावण्याऐवजी वाढत चाललंय हे त्यातूनच कळलं. ऐकायला सोपं आहे. पण तारा मंद दिसला म्हणजे तो लांबच असेल असं नाही. मधे धूळही असू शकते. धुळीतून आलेला उजेड थोडा लालसर होतो, म्हणून आम्ही रंग तपासतो, परत परत मोजतो, आणि मगच तोंड उघडतो. माझं निम्मं आयुष्य या धुळीच्या चौकशीत गेलं. सुटलेल्या पानाला दोन कारणं असू शकतात, एवढं तुम्हाला सुचलं नाही? कुरतडलेल्या कडा तुमच्या नाकासमोर होत्या. गणिताबरोबर विज्ञानही शिकवत होतात तुम्ही! खळीत मोरचूद घालतात, म्हणजे तिला कीड लागत नाही, हे मला फार पुढं कळलं. तुमच्या खळीत ते नव्हतं. चूक तुमच्या डब्यात होती आणि चोर मी ठरले.

मुख्याध्यापकांना आमच्या कामातली एक गोष्ट कळली आहे आणि ती त्यांनी डोक्यावर घेतली आहे. आम्हीही उत्तर झाकून ठेवतो. मोजमाप पूर्ण होईपर्यंत शेवटचा आकडा संगणक आम्हाला दाखवत नाही, कारण हवं ते उत्तर दिसलं की माणूस तिथंच मोजणं थांबवतो. "म्हंजी सरांचीच खळ की!" असं ते फोनवर आनंदानं म्हणाले. नाही. आमच्यात कुणाचंच पुस्तक उघडं नसतं. आम्ही स्वतःवर संशय घेतो. तुम्ही तो आयुष्यात एकदाही घेतला नाहीत.

आज सकाळी त्यांना फोन करून सांगितलं. प्रयोगशाळा बघायला येईन, पोरांना दुर्बिणीतून सूर्यावरचे डाग दाखवीन, पण पडदा ओढणार नाही आणि ते वाक्य म्हणणार नाही. ते बिचारे गडबडले. "आसं का वो म्याडम?" मी कारण सांगितलं नाही. ते इथं लिहिलं आहे, आणि हा कागद माझ्या टेबलाच्या खणातून बाहेर जाणार नाही.

फक्त एक राहिलं. मागच्या महिन्यात आमचं काम पुरं झालं आणि झाकलेला आकडा उघडायचा दिवस आला. दुपारी सगळे माझ्या खोलीत गोळा झाले. मी बटण दाबलं. आकडा आला, सगळ्या तपासण्यांतून तावून सुलाखून निघालेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी माझा खांदा हलवला. आबा असते तर त्यांना आता ठासून सांगता आलं असतं, माझं मीच केलं. पण त्या वेळी मला आबा आठवले नाहीत. त्या गलक्यात, एवढी मोठी बाई मी, माझ्या तोंडून निघालं, "सर, मी बघितलं नव्हतं."