त्याच्या कोपराबद्दल, सिस्टर

सिस्टर, माझ्या मुलाला काल क्लबनं काढून टाकलं. तो बेसबॉलमध्ये पिचर होता. आपल्या कॉन्व्हेंटमध्ये राउंडर्स खेळताना बॅटवाल्या मुलीला बॉल टाकणारी असायची ना, तेच काम, फक्त फार जोरात आणि पगारावर. फोनवर म्हणाला, "आई, दे लेट मी गो. इट्स ओके, यार." आईला यार म्हणतो. एरवी मी रागावते.

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी आज तुमच्याशीच बोलावंसं वाटतंय. अजून डोळ्यांपुढे येतं: मी सातवीत आहे. बॉल बोटावर बसलाय आणि मी मैदानात उभी राहून रडतेय. तुम्ही पांढरा झगा कमरेला खोचून येता, माझं बोट हातात घेता, प्रत्येक पेर दाबून बघता आणि मग दटावता, "ऑफर इट अप, चाइल्ड. दुखणं देवाला वाहा आणि पुढचा बॉल टाक." आमच्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण होता. मी दुखणं त्याला वाहिलं आणि बॉल टाकला.

पुढे इकडे अमेरिकेत, नेपरव्हिलला बर्फ वितळला की घरामागच्या गवतावर मी ग्लोव्ह घालून उभी राहायची. नवरा शिकागोहून गाडीनं येईपर्यंत मी आणि माझा लहानगा, आम्ही दोघंच. "आई, हू टॉट यू टु थ्रो?" "एका ननने." तो लोळून हसला. "नो वे! नन?" मग मी ओढणी कमरेला खोचून तुमची नक्कल करून दाखवली.

सतरा वर्षांचा असताना एका संध्याकाळी तो फ्रिजला टेकून उभा होता. मी पोळ्या लाटत होते. "आई, माय एल्बो हर्ट्स. आतून. उद्या नको खेळू का?" दुसऱ्या दिवशी मोठ्या क्लबची माणसं त्याला बघायला येणार होती. मी तव्यावरची पोळी उलटली आणि तुमचं वाक्य अगदी तुमच्याच सुरात म्हटलं. "ओके, सिस्टर," तो म्हणाला आणि हसत वर गेला. दुसऱ्या दिवशी फार सुंदर खेळला. क्लबनं त्याला घेतलं. मग छोट्या गावांच्या टीम, दिवसभराचे बसप्रवास, मोटेलमधलं पीनट बटर. एकदा महिनाभर वरच्या लीगमध्येही खेळला, आणि तिथेच कोपरातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, हात बरा झाला, पण तो वेग काही परत आला नाही.

"शाळेतल्या त्या कोचनं वाट लावली पोराची," नवरा आल्या-गेल्याला सांगतो. मी समोर चहा ठेवते आणि मान हलवते.

खरं तर तुम्हाला दोष द्यायला लिहायला बसले होते. पण तुम्ही आधी बोट तपासलं होतं, सिस्टर. मी त्याच्या कोपराला हातही लावला नाही. हाताला पीठ होतं.

हे कुठे पाठवणार? तुमची शाळासुद्धा आता तिथे नाही. तरी एक सांगायचं राहिलंय. ऑपरेशनआधी डॉक्टरनं त्याला विचारलं, पहिल्यांदा कधी दुखलं? मी कोपऱ्यात त्याचं जॅकेट मांडीवर घेऊन बसले होते. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "लास्ट मंथ."

मला हायसं वाटलं.