ढगाखालचं पाणी

थळ, शुक्रवार, दिवेलागण

सोनलला गेमसाठी लॅपटॉप घ्यायचाय. आज लेकीने मला दोन ग्राफिक्स कार्डांचा व्हिडिओ दाखवला. एक सहा जीबीचं, एक आठचं. दोन्हीकडे तोच गेम, तीच होडी. ती आकडे बघत होती, मी पाणी. सहावाल्यावर लाटा उठतात, पण ढगाखालचं पाणी काळवंडत नाही. आठवर काळवंडतं, अगदी वारा फिरायच्या आधीसारखं.

"बाबा, फरक थोडाच हाय. स्वस्तातला घेऊ."

"आठवालाच घे," म्हटलं. 

ती उठल्यावर तो ढग पुन्हा तीनदा बघितला.

माझ्या पाठीच्या ऑपरेशनपासून आमची बोट भाऊच नेतो. बंदर घरापासून पाच मिनिटांवर. तिथलं पाणी बघायला कुठलंच कार्ड लागत नाही. वर्ष झालं, पाय तिकडे वळत नाहीत.