पियानो अर्ध्या स्वराने खाली ठेवण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावन्न, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, ती सोमवारी बदलणार आहेत. हा मजकूर मला कोणी सांगितलेला नाही, वकिलाने तर नाहीच. त्याने दिलेल्या नमुन्यात पहिल्याच पानावर शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. लाल शाईने दुरुस्त करून तो मी परत पाठवला आहे.

१. दुकान, त्यामागची राहती खोली आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला द्यावं. ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि अंदाजपंचे काही करत नाही. आमच्या घराण्यात असं माणूस माझ्यानंतर तेवढंच. दुरुस्तीला आलेली मशीनं ज्याची त्याला पोचवावीत. कोपऱ्यावरचा शिंपी मशीनमध्ये स्वयंपाकाचं तेल घालतो. त्याचं मशीन परत देताना हे चार लोकांसमोर सांगावं.

२. माझा अंत्यविधी चर्चमध्ये व्हावा. पाळकसाहेबांनी दहा मिनिटांत आटपावं. गाणं नको. कोणाचंच नको, आणि माझ्या थोरल्या बहिणीचं मुळीच नको.

३. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चर्चशेजारच्या हॉलच्या छतासाठी निधी जमवायला त्याच हॉलमध्ये जी 'संगीत सकाळ' भरते, तिच्यात माझ्या स्मरणार्थ काहीही करू नये. नऊ वर्षं मी ती शेवटच्या रांगेत बसून सोसली आहे. छत अजून गळतं, आणि अख्खा हॉल सोडून नेमकं पियानोवर गळतं. लोक गाण्यासाठी येतात असं पाळकसाहेब समजतात. लोक बिस्किटांसाठी येतात. हळू स्वर लागला की पुडे उघडतात, मोठा लागला की बोलायला लागतात, आणि गाणं संपायच्या आधी टाळ्या वाजवून मोकळे होतात. एका बाईंनी तर ओली छत्री तारांच्या वर उघडी वाळत घातली होती. मी ती उचलून बाहेर ठेवली, तर मला म्हणाल्या, "अहो, पियानोच तो, विरघळतोय थोडाच."

४. समितीच्या सचिवांना पियानोचं जुनं झाकण द्यावं. चहाचा कप ठेवायला जगात दुसरी जागा नाही अशी त्यांची समजूत असल्याने त्यावर सतरा गोल डाग पडले आहेत. नवं झाकण मी बसवलं, जुनं जपून ठेवलं. ते त्यांनी बैठकीच्या खोलीत टांगावं. त्यासाठी दोन पितळी कड्या लावून ठेवल्या आहेत.

५. दंतवैद्यांना माझी आरामखुर्ची द्यावी. कारण विचारल्यास सांगू नये.

६. ताईबद्दल. तिला वडिलांनी गाण्याचे मास्तर लावले होते. मला नाही. मी दाराबाहेर बसून ऐकायचो आणि कोणता स्वर चुकला ते मनात धरून ठेवायचो. पुढे एका बंद पडलेल्या शाळेतून भंगारात निघालेला पियानो हातगाडीवर घालून आणला, आठ महिन्यांत सगळा सुटा केला आणि चौदा महिन्यांत परत जोडला. सोबतीला एक पुस्तक होतं, त्याची पहिली चाळीस पानं नव्हती. त्या पानांत काय असेल ते मी उरलेल्या पानांवरून काढलं. असं असताना अकरा वर्षांपूर्वी, चर्चच्या पियानोची देखभाल कोणाकडे सोपवायची याची सभा चालू होती, तेव्हा ताई उभी राहून म्हणाली, "तो मशीनवाला आहे हो. शिलाईचं मशीन आणि पियानो, यात काही फरक आहे की नाही?" सभा हसली. पियानो तरी माझ्याकडेच आला, कारण फुकटात दुसरं कोणी मिळेना. तेव्हापासून मी तिच्याशी बोललेलो नाही. तिनेही नाही. तिला माझ्या मालमत्तेतलं काही देऊ नये.

७. हे कलम भाचीने एकटीने वाचावं. समितीसमोर वाचू नये, ताईसमोर तर नाहीच नाही.

'संगीत सकाळ'मधलं शेवटचं गाणं ताई गाते. चार वर्षांपूर्वी शेवटच्या ओळीतल्या वरच्या स्वराला तिचा आवाज फाटला. जुनं कापड फाटतं तसा, आधी जरासा आणि मग सगळा. ती तेव्हा बासष्टची होती. सचिव कपात बघून हसले. दुसऱ्या रांगेतल्या दोघींनी एकमेकींना कोपराने ढोसलं. एकाने तर दया म्हणून टाळ्या वाजवल्या. मला किळस आली. गळ्याची नव्हे, त्या सगळ्यांची. गाणं खालच्या पट्टीत घ्या असं पियानो वाजवणाऱ्या मास्तरांना सांगता आलं असतं, पण त्यांना पानावर छापलंय त्यापलीकडे एक बोट हलवता येत नाही, आणि सांगितलं असतं तर गावभर झालं असतं.

म्हणून ओळीने तीन गुरुवार, पहाटे हॉल उघडून, मी दोनशे बावीस तारा एकेक करून अर्ध्या स्वराने उतरवल्या. मास्तरांना पत्ता लागला नाही. ताईचा स्वर तेव्हापासून एकदाही हुकलेला नाही. व्हायोलिनवाल्याने कुरकुरत आपल्या तारा ढिल्या केल्या. दंतवैद्यांच्या बासरीला मात्र ढिलं करायला काही नव्हतं. दोन सकाळी ते बेसूर ठरले, लोकांनी नाकं मुरडली, आणि हल्ली ते खुर्च्या मांडतात. त्यांची बासरी अगदी बरोबर होती.

आता मी हॉस्पिटलात जाणार म्हणून समितीने येत्या शनिवारच्या आधी शहरातून प्रमाणपत्रवाला माणूस बोलावला आहे. तो यंत्र लावून बघेल, हसेल, आणि एका दिवसात पियानो वर ओढेल. जुन्या तारा तुटतील. न तुटल्या तर ताई तुटेल, त्याच लोकांसमोर, त्यांच्या तोंडात बिस्कीट असताना.

म्हणून तारा पिळायची माझी चावी, स्वर धरायचा नादकाटा आणि तारांमध्ये खोचायच्या लोकरी नमद्याच्या पाचरा मी आजच भाचीच्या स्वाधीन करत आहे. सहा वर्षं मी तिला शिकवलं आहे. तिने त्या माणसाच्या आधी पियानोचा ताबा घ्यावा. तारा ताण सोसणार नाहीत एवढंच समितीला सांगावं, ते खरंही आहे. ताई गाणं सोडेल तेव्हा पियानो हळूहळू, वर्षभर घेऊन, वर चढवावा, आणि त्या दिवशी दंतवैद्यांना वाजवायला बोलवावं.

साक्षीदारांनी माझी सही होताना पाहिली. मजकूर वाचायचा हट्ट दोघांनी केला, दोघांनाही वाचू दिला नाही.

साक्षीदार: चष्मेवाला (सही). कोपऱ्यावरचा शिंपी (सही).
स्थळ: दुकान, पुढचं टेबल. शनिवार, ७ मार्च, सकाळी सव्वादहा.

पुरवणी

त्याच दिवशी, दुपारी साडेतीन. भाची हत्यारं न्यायला आली. मी तिला कलम सात वाचायला दिलं. वाचून झाल्यावर तिने चावी पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "मामा, आईला माहीत आहे."

कधीपासून, असं मी विचारलं.

"पहिल्याच सकाळपासून. घरी येऊन म्हणाली, मशीनवाल्याने पियानो उतरवलाय. तू त्याच्याजवळ बोलू नकोस, लाजेने परत चढवून ठेवेल."

म्हणजे चार वर्षं मी पहाटे उठून, दाराला तेल घालून, जे गुपित पाळलं ते फक्त माझ्यापासूनच लपलेलं होतं. माझ्या भाचीनेही तोंड मिटून ठेवलं. या घराण्याचा मला वीट आला आहे.

सबब कलम दोनमध्ये बदल करत आहे. विधी हॉलमध्ये, पियानोजवळ व्हावा, आणि ताईला गायचं असेल तर तिने गावं. आदल्या दिवशी भाचीने पियानो तपासावा, पण आहे त्याच्या खाली एक केसभरही उतरवू नये. वरच्या स्वराला तेवढं ताईने पोहोचावं. झाकणावर कप ठेवू नये. शेवटचा स्वर पुरता विरायच्या आधी कोणी टाळी वाजवली, तर त्याला बाहेर काढावं.

साक्षीदार: तेच दोघे (सह्या). शिंप्याने या वेळी वाचलं. कलम एकसुद्धा.