तेलाच्या चिंध्या

काशीद,
ता. १० नोव्हेंबर २०२४

ती. तुळशीराममामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं एक वाक्य धड ऐकू येत नाही आणि भलत्याच प्रश्नाला तुम्ही हाय-हाय म्हणत होकार देता, म्हणून पत्रच लिहिते. आम्ही मजेत. प्राप्ती पहिलीत गेली, तिचे पुढचे दोन दात पडले.

पाहुण्यांच्या खोल्यांपुढे आम्ही फळ्यांचा डेक केलाय, त्याला तेलाचा स्टेन द्यायला हिरामण रंगाऱ्याला बोलावलं होतं. त्याने भर उन्हात ब्रश फिरवला. एक हात वाळायचा, त्यावर दुसरा चढायचा, आणि चढला तिथे गडद पट्टा. आता वाघाचं कातडं पसरल्यासारखं दिसतं. मी पाहुण्यांसमोरच त्याला नको नको ते बोलले. हे बोलणं महागात पडेल, असं म्हणून तो ब्रश टाकून निघून गेला. आमच्या ह्यांचं, म्हणजे विपुलचं म्हणणं, मी फार बोलले.

तुम्ही निम्मं आयुष्य होड्यांना तेल पाजलंत, उरलेलं तळा गावात सुतारकी केलीत. पट्टे न उमटता हे कसं करायचं ते कळवा. मामींना नमस्कार. माया पत्रातूनही पाठवत जा.

तुमची भाची,
रुचिता

तळा,
ता. १६ नोव्हेंबर

चि. सौ. रुचितास,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई गेली, पण जीभ तुझ्याकडे ठेवून गेली. रंगाऱ्यावर ओरडून लाकूड सुधारत नाही.

आधी गडद पट्टे पॉलिशपेपरने घासून काढ. सगळे डबे एका बादलीत ओतून ढवळ, म्हणजे रंगात फरक पडणार नाही. फळीवर ऊन असताना हात लावू नकोस. सकाळी लवकर, फळी गार लागते तेव्हा सुरू कर. दोनच फळ्या धर आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ने. फोन वाजू दे, पाहुणे येऊ देत, मधे थांबायचं न्हाय. कड ओली आहे तोवरच पुढचा हात तिच्यात मिसळला पाहिजे. थांबायचं तर फळी संपते तिथे. थर पातळ दे, आणि लाकडाने जे प्यालं नाही ते तेल पाव तासाने सुती चिंध्यांनी पुसून घे. चिंध्या पुष्कळ लागतात. मामीची जुनी लुगडी वेगळी पाठवतो आहे. आपलीच म्हणून वापर, लाजू नकोस.

प्राप्तीच्या गालाला माझा हात लाव.

तुझा मामा,
तुळशीराम

काशीद,
ता. २८ नोव्हेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर लावून घ्या. काल दुपारी डेक पेटला.

सकाळी नऊलाच काम उरकलं होतं. तुम्ही सांगितलंत तसंच केलं, एकही पट्टा नव्हता. विपुल तर चपला हातात घेऊन काठाकाठाने फिरत होता. मी चिंध्या गोळा करून टबात कोंबल्या, टब जिन्याखाली सरकवला. दुपारी दोनला धूर दिसला. तोवर जिना पेटला होता आणि त्याला लागूनच्या खोलीत प्राप्ती झोपली होती. विपुलने खिडकीचे गज उपटून तिला बाहेर ओढलं. तिच्या केसांना जळका वास होता, मामा. ती रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली.

अर्धा डेक गेला, खोली गेली. तिथे चूल नाही, उदबत्ती नाही, बाहेरचं कोणी नव्हतं. मग आपोआप पेटलं का? हिरामण धमकी देऊनच गेला होता. मी पोलिसांत त्याचं नाव दिलं. चौलला एका घरी रंग देत होता, तिथून चार माणसांसमोर त्याला नेलं. बरं झालं.

आता जास्त लिहवत नाही. आमची आठवण असू द्या.

रुचिता

तळा,
ता. ३ डिसेंबर

चि. सौ. रुचितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. पोर वाचली, बाकी सगळं पुन्हा उभं राहील.

त्या माणसावर दया करू नकोस. तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो. तुला आणखी एक मामा आहे, माझा धाकटा भाऊ सदा. आमच्या थेरोंडा गावी आम्हा दोघांची मिळून एक होडी होती. ती विकून टाकू म्हणून तो मागे लागला, मी नाही म्हटलं, कडाक्याचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी जळून गेली. ९१चा मे महिना. मी त्याला गावकीसमोर उभा केला. तो नाही म्हणत राहिला, मी ऐकलं नाही. तो गाव सोडून गेला. मग मलाही समुद्र बघवेना, मी तळ्याला आलो. घर जाळणारा आणि होडी जाळणारा एकाच जातीचा असतो.

सांभाळून राहा. जीव तुमच्याकडे लागला आहे.

तुळशीराम

काशीद,
ता. ९ डिसेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाचा.

आग हिरामणने लावली नाही. अग्निशमनचे एक जाणकार साहेब पाहणीला आले होते. त्यांनी वितळलेला टब उलटा करून दाखवला. आग तळातून, चिंध्यांच्या पोटातून वर आली होती. तेल वाळताना तापतं म्हणाले. चिंधी दोरीवर सुटी असली तर ऊब उडून जाते. ढिगात कोंबली तर ऊब आतच साठते आणि काही तासांत काडीशिवाय पेटते. चिंध्या पाण्यात बुडवून ठेवायच्या असतात. डब्यावर बारीक अक्षरांत छापलंही आहे. मी ते वाचलंच नव्हतं. माझं लेकरू माझ्याच हाताने जळालं असतं.

हिरामणला दोन दिवसांनी सोडलं, पण तोवर त्याची कामं गेली होती. मी त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोने, किशोरीने, पाणीसुद्धा विचारलं नाही. तो बाहेर येऊन एवढंच म्हणाला, की ‘महागात पडेल’ म्हणजे दुसरा कोणी रंगारी तुमच्याकडे येणार नाही, एवढंच त्याला म्हणायचं होतं. मी चौलला जाऊन, जिथून त्याला नेलं त्याच घरासमोर, चूक माझी होती असं सगळ्यांना सांगितलं. त्याने अजून माझ्याकडे बघितलेलं नाही.

मामा, रागावू नका. होडी जळली त्या दिवशी तुम्हीही तेलच पाजत होतात ना? चिंध्या कुठे ठेवल्या होत्या?

आईच्या वहीत सदामामांचा डहाणूचा पत्ता मिळाला. सोबत जोडते आहे.

रुचिता

तळा,
ता. १५ डिसेंबर

चि. सदास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

सोबत रुचिताचं पत्र आहे, आपल्या बहिणीच्या लेकीचं. आधी ते वाच.

त्या दिवशी सकाळपासून मी होडीला जवसाचं तेल पाजत होतो. चिंध्या मीच गोळा केल्या, मीच पाटीत दाबून भरल्या आणि मीच होडीच्या पुढच्या टोकाच्या, नाळेच्या खालच्या अंधाऱ्या फटीत कोंबल्या. मग जेवायला गेलो. हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं, फक्त त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. तीन दिवस झाले, भाकरी तशीच परत पाठवतो. तुझी वहिनी म्हणते ताप आहे. ताप न्हाय.

तू तेव्हा आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीस, आणि मी तो हात झटकला. तो झटका आता रोज मला लागतो.

माफ कर म्हणायची माझी लायकी नाही. तरी म्हणतो. उत्तर पाठवलं नाहीस तरी मी समजून घेईन.

तुळशीराम

डहाणू,
ता. २२ डिसेंबर

ती. दादूस,
नमस्कार.

पत्र वाचून ओसरीवरच खाली बसलो. सुनेला वाटलं, मला झटका आला.

तू माझी माफी मागतोस, आणि मला तोंड लपवायला जागा नाही. दादूस, तेहतीस वर्षं मी धरून चाललो की होडी तूच पेटवलीस. विकावी लागू नये म्हणून जाळलीस आणि माझ्या नावावर घातलीस. काडी मी लावली नव्हती हे मला ठाऊक होतं, मग उरलास तू. दुसरं काही असू शकेल हे डोक्यातच आलं नाही. मी मुलांना तेच सांगितलं. मुलांनी त्यांच्या मुलांना सांगितलं. आमच्या घरात तुझं नाव शिवीसारखं घेतात.

आई गेल्याचं ताईने कळवलं, तेव्हा मी अलिबागच्या स्टँडपर्यंत आलो होतो. तू समोर दिसलास तर हात उचलला जाईल, या भीतीने उलट्या गाडीने परत फिरलो. आईचं तोंड बघितलं नाही. कुणीच काही पेटवलं नव्हतं, आणि मी आईचं तोंड बघितलं नाही.

शुक्रवारी तळ्याला येतो. एकटाच. घरी अजून काही बोललो नाही, धीर होत नाही. मुलांना काय सांगायचं ते आपण दोघांनी बसून ठरवू.

वहिनीला नमस्कार. ताप उतरव. मी येईपर्यंत नीट जेव.

तुझा भाऊ,
सदा