सासूबाईंचा नवस आणि माझा स्टॅमिना

८ जानेवारी, सोमवार. सुट्टी.
आजपासून व्यायाम. नियमित. या वेळी कारणही भक्कम आहे.

नाताळात माझ्या छातीत दुखलं आणि मला स्ट्रेचरवरून नेलं. डॉक्टरांचं लेखी मत 'गॅसेस'. एका बैठकीत चीजचे चौदा तळलेले गोळे खाल्ल्यावर कुणालाही होतील, असंही तो पोरगेला डॉक्टर म्हणाला. रोज अर्धा तास चाला म्हणाला. मी त्याला हृदयाचा प्रसंगच म्हणतो. गॅसेससाठी कुणी स्ट्रेचर काढत नाही.

पण त्याच रात्री सासूबाईंनी परस्पर नवस बोलून टाकला. जावई धडधाकट घरी आला तर शहराच्या कडेचा मोन्सेरातेचा डोंगर पायी चढून वरच्या चर्चमध्ये प्रभूपुढे मेणबत्ती लावीन. सासूबाईंचं वय एकाहत्तर. पायऱ्या सोळाशेच्या वर. रोपवेने गेलं तर नवस फिटत नाही, हे त्यांनी चर्चमध्ये विचारून घेतलंय.

त्यांना एकटं कसं पाठवणार? मी म्हटलं, मी येतो, तुम्हाला आधार द्यायला. तारीख ठरली, १७ मार्च, रविवार. दहा आठवडे आहेत. दहा आठवड्यांत लोक मॅरेथॉन पळतात.

वेळापत्रक केलं. पावणेपाचला उठणे. पाच ते पावणेसहा जलद चाल. सहा दहाची बस. पोरीच्या, लिसेतच्या, रंगीत पेनांनी केलंय, फार सुबक झालंय. फ्रिजवर लावलं.

९ जानेवारी, मंगळवार. पहाटे ४.४७
उठलो. म्हणजे हे लिहिण्यापुरता हात पांघरुणाबाहेर काढला. बाहेर सहा डिग्री. थंड हवेत एकदम छाती भरून श्वास घेणं माझ्यासारख्या हृदयाच्या माणसाला घातक. सहा वाजता ऊन येईल तेव्हा बघू.

सकाळी ६.१०
ऊन आलं. बसही आली.

११ जानेवारी, गुरुवार
बोगोतात सकाळचा व्यायाम अशास्त्रीय आहे असं माझं मत झालंय. संध्याकाळी करावा. पण संध्याकाळी घरी पोचायला सात. मग लिसेतचं गणित. तिचे अपूर्णांक मला येत नाहीत, त्यामुळे दुप्पट वेळ जातो. मग जेवण. जेवून लगेच चालू नये, हे डॉक्टर न होताही कळतं.

बायकोला, नीदियाला, हे सगळं समजावून सांगितलं. ती हॉस्पिटलात नर्स आहे, तिला शास्त्राची आवड असायला हवी. भांडी घासता घासता म्हणाली, एवेलियो, तू हे सांगत बसलास त्याला पंचवीस मिनिटं झाली.
मुद्दा तिच्या लक्षात आला नाही.

१४ जानेवारी, रविवार
रविवारी आमच्या समोरचा हमरस्ता दुपारपर्यंत गाड्यांना बंद. सगळं शहर सायकलवर. मीही लिसेतची सायकल काढली. जांभळी आहे, हँडलला झिरमिळ्या आहेत, पण व्यायामाला लाज कसली.

नऊ चौक गेलो. एक कुत्रा मला ओलांडून गेला. तो कुणाच्या तरी सायकलच्या टोपलीत बसला होता.

दहाव्या चौकात संत्र्याच्या रसाची गाडी. घाम गेला की पाणी भरून काढावं लागतं. शेजारीच मक्याच्या भाकऱ्या, आत वितळलेलं चीज. मीठही भरून काढावं लागतं. दोन खाल्ल्या. परत येताना चाक पंक्चर. सायकल ढकलत आणली, म्हणजे परतीचा व्यायाम जास्तच झाला. एकूण समाधानकारक.

लिसेत म्हणाली, पपा, पंक्चर नाहीये, चाकच वाकलंय. तेरा वर्षांच्या मुलीने बापाशी असं बोलू नये.

२२ जानेवारी, सोमवार
नवा विचार. वेगळा वेळ काढायचाच कशाला? व्यायाम दिवसात मुरवायचा. आमचं जमीन नोंदणीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद म्हणजे बंद.

पहिला मजला उत्तम. दुसऱ्यावर पायांनी जरा विचारविनिमय मागितला. तेवढ्यात वरून टेबलशेजारी किन्योनेस उतरताना दिसला. कुणी मला धापा टाकताना पाहू नये म्हणून फोन कानाला लावला आणि महत्त्वाचं बोलणं चालल्यासारखा उभा राहिलो. हो... हो... नाही... हो. धापेमुळे एवढंच बोलता येत होतं.

किन्योनेस थांबून राहिला. माझं झाल्यावर हळूच म्हणाला, घरी सगळं ठीक ना? रडत होतास म्हणून विचारलं.

दुपारपर्यंत सगळ्या ऑफिसात पसरलं. साहेब मला बोलावून दोन दिवस रजा घे म्हणाले. मी नको म्हटलं नाही. रजेत चालता येईल.

२४ जानेवारी, बुधवार
रजा संपली. विश्रांती हाही व्यायामाचाच भाग असतो.

१ फेब्रुवारी, गुरुवार
आज शहरात खासगी गाड्यांना बंदी. वर्षातून एकदा असते. आमच्याकडे गाडी नाही, पण बाकीचे सगळे आमच्या बसमध्ये आले. एक तास वीस मिनिटं उभा. त्यात निम्मा वेळ एका पायावर, कारण दुसऱ्याला जागा नव्हती. यातून मांड्या, पोटऱ्या, तोल. वेळापत्रकात आजच्या चौकोनात बरोबरची खूण केली. पहिलीच. चौकोन किती छान दिसतो.

११ फेब्रुवारी, रविवार
सासूबाई तीन आठवडे पार्कातल्या फुकट कवायतीला जातायत. मला आजच कळलं. स्टेजवर एक तरुण पोरगी नाचते, खाली शंभर माणसं तिच्यासारखं नाचतात. त्यांचा तोल जाऊ नये म्हणून आज सोबत गेलो.

मीही उतरणार होतो. पण सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, जरा पर्स धरा. त्यांची पाहून त्यांच्या मैत्रिणीने दिली. मग तिच्या बहिणीने. शेवटी बाकावर सात पर्स, तीन स्वेटर आणि मी. जबाबदारीची कामं सोडून नाचणं मला जमत नाही.

दात नसलेली एक म्हातारी गिरकी घेता घेता ओरडली, तुलियाबाई, जावई गुणाचा गं! ठेवला तिथे राहतो!
शंभर माणसं तालावर हसली.

घरी येताना सासूबाई पुढे. मी दोनदा बुटाची नाडी बांधायला थांबलो. माझ्या बुटांना नाडी नाही, हे त्यांनी पाहिलं असावं.

२५ फेब्रुवारी, रविवार
नीदिया सकाळपासून मला 'तुम्ही' म्हणतेय. एकोणीस वर्षांच्या संसारात याचा अर्थ मला पाठ आहे.

कारण साधं. ती रात्रपाळी करून आली तेव्हा मी अंथरुणात बसून 'घरच्या घरी पंधरा मिनिटांत तंदुरुस्ती' हा व्हिडिओ पाहत होतो. तिसऱ्यांदा. आधी नीट समजून घ्यावं, मग करावं, अशी माझी पद्धत. ती म्हणाली, तुम्ही बिस्किटं खाताय.

मी म्हटलं, वेळच मिळत नाही गं.

तर ती कोट न काढताच पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, त्या दिवशी ड्युटीवर मी होते. दार उघडलं, स्ट्रेचर आत आलं, मी सवयीप्रमाणे बूट पाहिले. पायांकडून आत आणतात ना. बूट ओळखीचे होते. एवढी वर्षं सुया टोचतेय, त्या दिवशी मला तुमची शीर सापडेना. सोबतच्या नवख्या नर्सने मला बाजूला केलं. काय झालं होतं ते नंतर कळलं, हो, गॅसेस. पण ती दहा मिनिटं मी काढलीत. तुम्ही वेळ मिळत नाही म्हणू नका. माझ्याकडे तरी म्हणू नका.

मग तोंड धुवायला गेली.



दुपारी १२
लगेच उठून चालायला गेलो. चाळीस मिनिटं, खरोखर. बेकरी वाटेत होती. आत गेलो नाही. काचेपाशी थोडा उभा राहिलो एवढंच.

२९ फेब्रुवारी, गुरुवार
सलग पाच दिवस! त्यातले चार पहाटे! अंधारात! रोज अर्धा तास. पोटऱ्या दगडासारख्या झाल्यात. नीदिया पुन्हा 'तू' वर आली. लिसेत म्हणाली, पपा, तुम्ही पळताना बदकासारखे दिसता, पण पळता.

किन्योनेसला मार्गदर्शन केलं. वेळ मिळत नसतो, काढावा लागतो म्हणालो. त्याने लिहून घेतलं.

१ मार्च, शुक्रवार
शरीराला एकाच गोष्टीची सवय झाली की फायदा थांबतो, असं कुठेतरी वाचलंय. शरीराला चकवावं लागतं. म्हणून आज गेलो नाही. शरीर पार गोंधळलं असेल.

९ मार्च, शनिवार
अजून चकवतोय.

१६ मार्च, शनिवार
उद्या डोंगर. मी तयार आहे. पाच दिवसांचा पाया भक्कम आहे. सासूबाईंसाठी पिशवी भरली: पाणी, ग्लुकोज, गुडघ्याचा पट्टा, मलम, शिट्टी. त्यांना म्हटलं, दमलात तर लाजू नका, माझ्या खांद्यावर हात ठेवा. त्या म्हणाल्या, बरं बाबा.

१७ मार्च, रविवार. संध्याकाळी
जसं घडलं तसं लिहितो.

सहाला पायथ्याशी. गर्दी. सासूबाईंनी क्रूसाची खूण केली आणि त्या निघाल्या. मी पिशवी घेऊन मागे. पहिल्या शंभर पायऱ्या त्यांना सूचना देत होतो, श्वास असा घ्या, पाय असा टाका. दोनशेनंतर सूचना बंद केल्या. त्यांनी पिशवी मागितली. दिली. तीनशेच्या आसपास गुडघ्याचा पट्टा लागला. मला.

चारशे बाराव्या पायरीवर एक मोठा दगड आहे. त्यावर बसलो. डोंगर डावीकडे कलला. सासूबाईंनी ग्लुकोज पाजलं, कपाळ पुसलं, नाडी पाहिली. म्हणाल्या, तुम्ही बसा इथेच, हलू नका. नवस मी बोललेय, मीच फेडते. आणि गेल्या. त्यांचा निळा स्वेटर वळणावर दिसेनासा झाला.

बसल्या बसल्या मला वाटलं, वर त्या एकट्या पडतील. उतरून रोपवेने गेलो तर त्यांच्या आधी पोचेन आणि दारात स्वागत करीन. उतरलो. उतरणं मला चांगलं जमतं.

रोपवेची रांग दोन चौक लांब होती. रविवार. तास गेला. दुसरा गेला. रांगेत उभं राहून पोटात खड्डा पडला, भाजलेलं कणीस घेतलं. तिसरा तास सरत आला. समोर चारच माणसं उरली तेव्हा मागून खांद्यावर हात पडला.

सासूबाई. चढून, मेणबत्ती लावून, प्रार्थना करून, गरम चॉकलेट पिऊन, पायी उतरून.

मी म्हटलं, अरे वा! तुमच्याकडेच निघालो होतो.

त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. फुटपाथच्या कडेला मटकन बसल्या आणि रडायला लागल्या. मग हळूहळू सांगितलं. त्या उतरताना दगडापाशी आल्या, मी नव्हतो. पाणीवाल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, पट्टा बांधलेला एक जाडा माणूस मघाशी धरत धरत खाली गेला, कुणाला तरी अँब्युलन्समध्ये घातलं म्हणतात, तोच असेल. तिथून खाली त्या धावत आल्या. एकाहत्तराव्या वर्षी. चारशे बारा पायऱ्या. दोन्ही अँब्युलन्स उघडायला लावून पाहिल्या. नीदियाला फोन करायचा होता, पण बटणं दिसेनात म्हणाल्या.

माझ्या हातात कणीस होतं. ते कुठे ठेवावं कळेना.

शेजारी बसलो. माफ करा म्हणालो. मला वाटतं, या वर्षात कारण न जोडता बोललेलं हे माझं पहिलंच वाक्य. त्यांनी नाक पुसलं, माझ्या हातातून कणीस घेतलं आणि उरलेलं खाल्लं. मग म्हणाल्या, चला, बस पकडू.

१८ मार्च, सोमवार
पलंगावरून उतरता येत नाही. रजा. नीदियाने काल सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या गुडघ्यांना मलम चोळलं. 'तू' म्हणाली नाही, 'तुम्ही'ही म्हणाली नाही.

सकाळी चॉकलेट पिताना सासूबाईंनी सांगितलं की वर त्यांनी नवा नवस बोललाय. जावई स्वतःच्या पायांनी वरपर्यंत पोचेतो दर महिन्याला एक फेरी. पायी. काहीही झालं तरी. लिसेतने विचारलं, आजी, पपा कधीच नाही पोचले तर? सासूबाई म्हणाल्या, तर मी ठणठणीत मरेन.

मी पलंगावरूनच ओरडून सांगितलं की एप्रिलमध्ये शेवटच्या पायरीपर्यंत तुमच्याबरोबर आहे, शब्द देतो. अगदी मनापासून. त्यांनी ऐकलं. हो बाबा, हो, म्हणाल्या.

मग नीदियाला म्हणाल्या, बाजारात जाशील तर मला डोंगराचे बूट आण. साधे नकोत. चांगले पाच-सहा वर्षं टिकतील असे बघ.