पुढून पाहिलेली इमारत

नाशिक,
८ नोव्हेंबर १९८१

प्रिय जयरामदादा,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र पोचलं. वहिनीचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. आई ठीक आहे, थंडीत गुडघे तेवढे धरतात. मनमाडच्या क्वार्टरमधली एक खोली तू तिच्यासाठी चुना मारून तयार ठेवलीस. त्याबद्दल लिहितेच, पण आधी ऑफिसची हकिकत, दोन महिन्यांपूर्वीची.

आमच्या आर्किटेक्ट साहेबांकडे एका जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचं काम आलं. मालकांनी बांधकामाच्या वेळचे नकाशे आणि जुने फोटो आणून दिले. नकाशे कापडावर शाईने काढलेले, सत्तर वर्षांपूर्वीचे. घड्यांवर विरलेत, म्हणून ते मी नव्याने ट्रेस करायचे. दादा, काय हात होता त्या माणसाचा! सज्ज्यांचे नक्षीदार कठडे, खिडक्यांवरच्या कमानी, सगळं कसं नाजूक. मी आपली कौतुकाने काम करत होते. मग मागच्या बाजूचा नकाशा उलगडला आणि लोखंडी गोल जिना दिसला. शेजारी लिहिलं होतं, 'नोकरांसाठी'.

होय, तीच इमारत. आई वखारीतून लाकडं आणून घरोघर चढवायची ती.

साहेबांना विचारून फोटो घरी नेले. पहिला समोरून घेतलेला, तिन्ही मजल्यांवर भाडेकरू नटूनथटून उभे. आईने तो उजेडात धरून पाहिला.

"ही मुंबईची हाय का?"

मी मागच्या बाजूचा फोटो दिला. तिने लगेच बोट ठेवलं. "हा तर आपला जिना!" मग पुन्हा पहिला हातात घेतला. "पुढून एवढी देखणी व्हती? मी कधी पाह्यलीच नाय गं."

बोळातून आत, बोळातून बाहेर, डोक्यावर मोळी. मान वर करून कधी बघणार?

त्या रविवारी तिला तिथे घेऊन गेले. समोरच्या फुटपाथवर ती कितीतरी वेळ उभी राहिली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत हे मला ऑफिसात कळलं होतं. मालकांना जाऊन विचारलं. त्यांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "किल्ली उद्या न्या."

लहानपणी आईची डोक्यावरची चुंबळ द्यायला तू पुढच्या जिन्याने चढलास आणि कुणीतरी कान धरून तुला रस्त्यावर आणलं, ते मी विसरलेले नाही. त्या गल्लीत पाय ठेवायचा नाही असं तू ठरवलंस, तेही माहीत आहे. म्हणूनच मागच्या पत्रात लिहायचा धीर झाला नाही.

दादा, आम्ही विजयादशमीलाच तिथे राहायला आलो.

सामान चढवताना पहिल्या मजल्यावरच्या अक्काबाई दारात होत्या. आता खूप थकल्यात, पण आईला त्यांनी ओळखलं.

"धोंडा ना तू? लाकडांची? आज कुणाकडे?"

आईने पदर सारखा केला. "माझ्याच घरी. वर राह्यला आलेय."

अक्काबाईंनी आमच्या ट्रंकेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. पण त्या म्हणाल्या, "पाणी पहाटेच येतं अन् लगेच जातं. भांडी रात्रीच लावून ठेव," आणि आत गेल्या. अजून त्यांनी आम्हाला घरात बोलावलेलं नाही. जिन्यात भेटल्या की आईच्या गुडघ्यांची चौकशी मात्र करतात. एवढंच आहे, वाढवून सांगत नाही.

आई मनमाडला कायमची येणार नाही. चार दिवस पाहुणी म्हणून येईल. तू किती हौसेने खोली तयार केलीस ते मला कळतं, म्हणून हे लिहिणं जड जातंय. पण मी तिला अडवून ठेवलंय असं मनात आणू नकोस. तिने स्वतः ठरवलंय.

आत्ता विचारलं, दादाला काय लिहू? ती सज्ज्यात बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, "रागव म्हणावं. पण हितं येऊन रागव."

मी तिला 'दादा येईल' असं सांगितलेलं नाही. ते तुझं तूच येऊन सांग.

तुझ्या रागालाही आपलं मानणारी,
तुझी धाकटी
विमल