पांढऱ्या खडकाचे अंतर

टॅमरॅक कुरण, मोंटाना
रविवार, १४ सप्टेंबर

ती. इंगा आत्यास,
सिग्नेचा सा. न., वि. वि.

आधी चूक दुरुस्त करते, मग खुशाली. मागच्या पत्रात मी लिहिले होते की रेंजफाइंडरचा, म्हणजे अंतर मोजायच्या यंत्राचा, विषय ट्रिना वहिनीने स्वतःहून काढला, नव्या सुनेला मिरवायचे असते म्हणून. तसे नाही. बाबांनीच तिला सांगितले की शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आत घरासाठी एक चांगला निवड. मी तेव्हा दाराआड बूट काढत होते आणि मला ते स्वच्छ ऐकू आले होते. तरी तुला उलटे लिहिले. ते पत्र ठेवले असशील तर त्या ओळीवर काट मार.

इकडे सर्व ठीक. आईचा चोकचेरीचा मुरंबा या वर्षी जरा पातळ झाला आहे, पण तिला तसे कुणी म्हटलेले नाही. हाल्वर दादा आणि वहिनी वरच्या घरात राहायला गेले, जेवायला मात्र दोघे इथेच असतात.

बुधवारी वहिनीने ओळखीच्या दुकानातून तीन यंत्रे पारखायला आणली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली. डोळ्याला लावायचे, बटण दाबायचे, की समोरच्या झाडाचे किंवा जनावराचे अंतर आत आकड्यात दिसते. ती म्हणाली की खोक्यावर दोन हजार यार्ड लिहिलेले असले तरी ते रस्त्यावरच्या चकचकीत पाटीसाठी. संध्याकाळी एल्क हरणाच्या अंगावर त्याच्या निम्म्यावरही विश्वास ठेवू नका. काळे आकडे तिन्हीसांजेला झाडीत हरवतात, म्हणून लाल हवेत. मधल्या फांद्या सोडून मागचे जनावर धरणारे हवे. बटण हातमोज्यातून दाबता आले पाहिजे. बाबा ऐकत होते, जसे ते फक्त गुरांच्या डॉक्टरचे ऐकतात. शेवटी तिने मधले निवडले, कमी लांब पोचणारे पण आकडा न बदलणारे. मीही तेच निवडले असते. मला तेच जास्त लागले.

तुला ठाऊकच आहे, या घरात अंतर मी सांगते. मी अकरा वर्षांची असताना आईने घरच्या गणिताच्या तासाला मला कुरणात धाडले होते. गुरे चाटतात त्या मिठाच्या खांबापासून प्रत्येक खुणेपर्यंत पावलांनी मोजायचे, पावलाचे यार्ड करायचे, आणि नकाशावर लिहायचे. तो नकाशा अजून चुलीशेजारच्या भिंतीवर आहे. दहा वर्षे बाबा बंदुकीमागे पालथे पडून मान न वळवता विचारतात की सिग्ने, किती? बुधवारी ओसरीवर उभे राहून त्यांनी विचारले की ट्रिना, किती? त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी तिचे नाव अकरा वेळा घेतले. मी मोजले. मोजल्याची लाजही वाटली, तीही कळवते.

तुझ्या कमरेचे दुखणे कसे आहे ते कळव. लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझी,
सिग्ने


अस्टोरिया, ओरेगन
बुधवार, २४ सप्टेंबर

चि. सिग्नेस,
इंगा आत्याचे अ. आ.

काट मारली. दोनदा मारली, एक तुझ्यासाठी आणि एक माझ्या समाधानासाठी. कंबर आहे तिथेच आहे, मी मात्र हळूहळू तिच्यामागून चालते.

अकराच वेळा? तुझी आई नवी आली तेव्हा माझ्या वडिलांना तिच्याशिवाय घरात दुसरं कुणी दिसेना. कालवड अडली तर तिला विचारा, हवामान बिघडलं तर तिला विचारा. एकदा ते म्हणाले की इंगाला बटाट्याच्या पोळ्या जमत नाहीत, सूनबाई कशा पातळ लाटते बघा. मी ताट उचललं आणि गोठ्यात जाऊन जेवले. गाईंनी कुणाची तुलना केली नाही. चार दिवस मी तिकडेच जेवत होते, आणि रोज ताटाखाली एक गरम पोळी निघायची, ती तुझी आई ठेवायची. तेव्हा हेवा वाटतो तर वाटू दे. फक्त त्याच्या हातात काम देऊ नकोस, तो काम धड करत नाही.

एक विचारते. दर सप्टेंबरात तुझा बाप मला एक कार्ड टाकतो. अमुक ठिकाणी मोठा नर दिसला, शिंगं इतकी, एवढाच मजकूर. यंदा कार्ड नाही. फोन केला तर म्हणाला की यंदा हाल्वर जाईल, मी नाही. कारण विचारलं तर म्हणाला की इकडे वारा फार आहे. काय झालं ते नीट लिही. तुझ्या वहिनीच्या दुर्गुणांना पान उरलं नाही तरी चालेल.

माया पाठवते आहे, टपालखात्याने वाटेत उघडली नाही तर पुरी पोचेल.

तुझी आत्या


टॅमरॅक कुरण
रविवार, ५ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न., वि. वि.

तुझ्या प्रश्नाकडे येते, पण आधी आनंदाची बातमी. वहिनीचे यंत्र परत जाणार.

गेल्या रविवारी आम्ही सगळे मिठाच्या खांबापाशी गेलो. मी नकाशातला आकडा वाचायचा, वहिनीने यंत्राचा. वीज पडलेला देवदार, माझे दोनशे चार, तिचे दोनशे पाच. पाण्याची टाकी, माझे दोनशे एकाहत्तर, तिचे दोनशे सत्तर. मोडके फाटक, दोघींचे एकशे अठ्ठ्याऐंशी. दादा म्हणाला की सिग्नेच्या पायात लेसर बसवलाय. मग पांढरा खडक आला. माझे तीनशे बासष्ट. तिने पुन्हा पुन्हा दाबले, प्रत्येक वेळी तीनशे अठरा.

मी सगळ्यांसमोर म्हटले की यंत्र चुकते आहे. अशा यंत्रात चढउतार धरून आकडा कमी करायची सोय असते, तीच बिघडली असणार, हेही मीच समजावले. वहिनी म्हणाली की ती सोय मी बंद ठेवली आहे. दादाने चिडवले की अकरा वर्षांच्या पोरीच्या टांगा खऱ्या की कारखाना खरा? बाबा हसले नाहीत. ते म्हणाले की सिग्नेचा आकडा या घरात आजवर चुकलेला नाही, ट्रिना, हे देऊन टाक परत. वहिनीने बरं म्हटले आणि यंत्र पिशवीत ठेवले. परतताना ती माझ्यासाठी फाटक धरून उभी राहिली. मी दुसरीकडून तारेखालून गेले. घरी भांडी घासताना मी गुणगुणत होते. आई वळून माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

आता बाबांविषयी. गेल्या नोव्हेंबरात त्यांनी याच खांबाजवळून एका नरावर गोळी झाडली. तो पांढऱ्या खडकाला टेकून आडवा उभा होता, वारा नव्हता, बाबांना घाई नव्हती. नर उडाला आणि झाडीत गेला. आम्हाला मूठभर केस आणि थोडेसे रक्त मिळाले. दोन दिवस शोधले, सापडला नाही. जखमी करून हरवले तरी ते जनावर आपल्याच नावावर, हा बाबांचा नियम तुला माहीत आहे. त्यांनी तिथेच बर्फात गुडघे टेकून परवान्याच्या चिठ्ठीवर तारखेची खाच पाडली, जशी शिकार मिळाल्यावर पाडतात, आणि बंदूक कपाटात ठेवली. म्हणतात की हात थरथरायला लागला. मला थरथर कधी दिसली नाही, पण तेव्हापासून ते कॉफीचा पेला दोन्ही हातांनी धरतात. यंदा त्यांनी परवाना घेतलेला नाही. अंतराचा प्रश्न नव्हताच, आकडा मीच सांगितला होता.

तुझा लोभ असावा, मी तो वाया घालवणार नाही.

तुझी,
सिग्ने


अस्टोरिया
रविवार, १२ ऑक्टोबर

चि. सिग्नेस,
अ. आ.

पत्र दोनदा वाचलं आणि चहा गार झाला. थट्टा पुढच्या वेळी.

त्या खडकापर्यंत तू चालत गेलीस म्हणतेस. कशी गेलीस? मी त्या बाजूला आठ वर्षं मेंढ्या राखल्या आहेत. खांब आणि खडक यांच्यामध्ये घळ आहे. तिच्यात उतरल्याशिवाय पलीकडे मेंढरूसुद्धा जात नाही, अकरा वर्षांची शहाणी मुलगी तर नाहीच. बाकीच्या सगळ्या खुणा सपाटीवर आहेत. तू खाली उतरतानाची पावलं मोजलीस, वर चढतानाची मोजलीस, आणि एकही चोरली नसशील, कारण तू तू आहेस. पण बाळ, गोळी घळीत उतरत नाही.

माझं म्हणणं खरं धरू नकोस. स्वतः तपास. खरं निघालं तर बापाला कोणत्या दिवशी सांगणार ते मला लिही. लवकरच, बघू, वेळ आली की, असलं काही लिहू नकोस. मला वार आणि तारीख हवी.

तुझ्यावरचा माझा जीव कमी झालेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आत्या


टॅमरॅक कुरण
शुक्रवार, १७ ऑक्टोबर

ती. इंगा आत्यास,
सा. न., वि. वि.

तपासले. यंत्र वहिनीबरोबर बिलिंग्जला गेले आहे. तिच्या आईचा वाढदिवस आहे, आणि तिथूनच ती ते परत धाडणार होती. म्हणून मी आईने शिकवलेल्या भूमितीने मोजले. खांबाजवळच्या सपाटीवर शंभर यार्डांवर दोन खुंट्या ठोकल्या, दोन्हींवरून खडकाचा कोन घेतला, आणि कागदावर त्रिकोण सोडवला. तीनशे सतरा. पुन्हा केले, तीनशे वीस. तिसऱ्यांदा तीनशे एकोणीस. मग मी घळीत उतरले आणि पलीकडे चढले, पावले मोजत. त्यांचे यार्ड केले, तीनशे एकसष्ट आले. अकरा वर्षांच्या मुलीने एकच यार्ड चुकवला होता.

त्या दिवशी बाबांनी बंदुकीच्या दुर्बिणीवरची अंतराची चकती माझ्या आकड्यावर फिरवली होती. तेवढ्या फरकाने गोळी जवळजवळ वीतभर वर जाते. आम्हाला मिळालेले केस पाठीचे होते, लांब आणि काळसर. मी ते हातात घेऊन पाहिले होते आणि तरी काही मनात आले नाही. बाबांचा हात थरथरला नव्हता. अकरा महिने ते स्वतःच्या हातांकडे संशयाने पाहत आहेत, आणि मी समोर बसून पेल्यात कॉफी ओतते आहे.

एक गोष्ट लपवणार नाही. आकडे जुळले तेव्हा माझ्या मनात पहिला विचार बाबांचा आला नाही, वहिनीचा आला. हे सांगितले की खांबापाशी बाबांशेजारी अंतर सांगायला ती असेल, आणि मला कुणी किती म्हणून विचारणार नाही. न सांगितले तर यंत्र जाईल, नकाशा भिंतीवर राहील, आणि पंचवीस तारखेच्या शनिवारी, मोसमाच्या पहिल्या सकाळी, दादा माझ्याच आकड्यावर घळीपलीकडे गोळी झाडेल. दोन दिवस मी या दोन गोष्टी तोलल्या. तोलण्यासारखे काही नव्हते, तरी तोलल्या.

काल वहिनीला फोन केला की यंत्र धाडू नकोस. तिने कारण विचारले. मी म्हटले, आल्यावर सांगते. ती बरं म्हणाली, आणि येताना तुझ्यासाठी काही आणू का असे विचारले. मला तिच्या चांगुलपणाचा राग आला. तेव्हा मी सुधारले असे समजू नकोस. मी फक्त सांगणार आहे.

आज सकाळी बाबा एकटेच गोठ्यात होते, तिथे सांगणे सोपे होते. पण यंत्र खोटे आहे हे मी वहिनीसमोर म्हटले होते, म्हणून ते खरे आहे हेही तिच्यासमोरच म्हटले पाहिजे. ती सोमवारी संध्याकाळी परत येते. गावातल्या हत्यारांच्या दुकानात परवाने शुक्रवारी सहापर्यंत मिळतात, म्हणजे बाबांना हवा असेल तर तीन दिवस हातात राहतील, आणि त्यात बंदूक पुन्हा तपासून घेता येईल. नकाशावरचा आकडा मी अजून खोडलेला नाही. तो त्यांनी पाहिल्यावरच खोडीन.

तू लोभ मोजून देत नाहीस, म्हणून या वेळी थोडा जास्तच मागून ठेवते.

तुझी,
सिग्ने

ता. क. वार आणि तारीख मागितली होतीस. गुरांना चारा टाकून झाल्यावर, मिठाच्या खांबापाशी, बाबा आणि वहिनी दोघेही समोर असताना, मंगळवार, २१ ऑक्टोबर.